चोवीस तास नुसता पंप

आमच्या घरात पाण्याला शिस्त आहे. प्यायचं पाणी गाळून घ्यायचं. गाळलेलं दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं चालतं. उकळलेलं २४ तास. सासूबाईंचा या बाबतीतला हिशेब घड्याळापेक्षा पक्का. शहापूरच्या जुन्या घरी विहीर होती, तेव्हा गाळण्यावर राहिलेलं पाणी परत विहिरीतच सोडायचं, तेही बादली पाण्याला टेकवून, वरून ओतायचं नाही. आता नळ आला, गच्चीवर टाकी आली, पण गाळण्याचं कापड अजून आमच्या ओट्याशी वाळत असतं. अशा घरात माझ्या धाकट्या लेकीने कॉम्प्युटरमध्ये पाणी भरायचं ठरवलं.

ती आर्किटेक्ट लोकांचं काम करते. नकाशावरचं घर बांधून व्हायच्या आधीच आतून फिरल्यासारखं दाखवायचं, अशा फिती बनवते. खिडकीतून ऊन कसं येईल, फरशीवर सावली कुठं पडेल, हे सगळं कॉम्प्युटर एकेका चित्रासाठी मोजत बसतो. एका सेकंदाच्या फितीला २५-३० चित्रं लागतात. तेव्हा रात्री काम लावायचं आणि सकाळी बघायचं, असा तिचा शिरस्ता. जुनं मशीन रात्रभर पिठाच्या गिरणीसारखं घुमायचं. मे महिन्यात तर तिच्या खोलीत पाऊल टाकवत नसे. आतला मुख्य भाग, ज्याला ती प्रोसेसर म्हणते, तो ९५ अंशांवर गेला की स्वतःला जपायला आपला वेग कमी करतो. म्हणजे घाई सगळ्यात जास्त असते तेव्हाच मशीन मंद. शेवटी तिने नवीन मशीन घ्यायचं काढलं. पण तयार घ्यायचं नाही, एकेक सुटा भाग आणून स्वतः जोडायचं आणि ते पाण्याने गार ठेवायचं.

आमचे हे उद्यमबागेत कारखान्यात आयुष्य काढलेले. लेथवर कापताना कूलंटची धार सोडतात, गाडीला रेडिएटर असतो, हे त्यांना सांगायला नको. तरी विजेच्या पेटीत पाणी म्हटल्यावर तेही म्हणाले, "अगं, लोक मोबाईलवर थेंब पडला तर तांदळात पुरतात, आणि तू मुद्दाम पाणी भरणार?"

तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. तापणाऱ्या भागावर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसतो. त्यातून पाणी जातं, उष्णता उचलतं, नळीने रेडिएटरमध्ये येतं. तिथं तीन पंखे वारा घालतात आणि गार झालेलं पाणी पंप परत ठोकळ्याकडे ढकलतो. पाणी कुठंही विजेला शिवत नाही. एकाच वर्तुळात फिरत राहतं. सगळं मिळून लिटरभर पाणी. मी विचारलं, एवढ्याशा पाण्याने काय होणार? ती म्हणाली, "आई, एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जवळजवळ ४२०० ज्यूल लागतात. माझे दोन्ही भाग मिळून सेकंदाला साडेतीनशे ज्यूल टाकतात असं धर. रेडिएटर नसता तर दर बारा सेकंदांना पाणी एक अंश चढलं असतं. म्हणून खरं काम रेडिएटरचं. पाणी नुसतं वाहून नेतं." माझं शिक्षण मराठी आणि इतिहासाचं, पण चहाचं आधण ठेवणाऱ्या बाईला हे गणित कळायला हरकत नाही. उष्णता नाहीशी होत नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. पेटी गार राहिली तरी ऊब खोलीत येणारच, म्हणून खिडकी हवी.

खर्च ऐकून नणंदबाई म्हणाल्या, "नुसत्या पाण्याच्या सामानाला पन्नास हजार? त्यात भर घालून एक बांगडी झाली असती. लग्नाची मुलगी आहे." पैसे लेकीचे होते, चौदा महिने बाजूला टाकलेले. ती काही बोलली नाही. मीही नाही. बांगडीवर बसून फिती होत नाहीत, हे मला त्याच वेळी दिसत होतं.

सामान यायला लागलं तशी मी तिच्याबरोबर बसायला लागले. ठोकळा तांब्याचा, तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा, ॲल्युमिनियमचा चालत नाही. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आले की ॲल्युमिनियम झिजतं. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये, हे आपल्याला आई सांगून गेलेली असते. इथं दोन धातूंचं आपापसांत जमत नाही एवढंच. नळ्या पारदर्शक घेऊन आत रंगीत पाणी आणि दिवे सोडायची पद्धत आहे. दिसतं झकास. तिने मात्र काळ्या जाड नळ्या घेतल्या, आतून दहा मिलिमीटर, बाहेरून सोळा. मऊ पारदर्शक नळ्या काही महिन्यांनी धुरकट होतात, आणि उजेड लागला की पाण्यात शेवाळ धरतं. गच्चीवरची टाकी काळी का असते, ते तिच्या तोंडून मला नव्याने कळलं.

शेवाळाचा विषय निघाला आणि सासूबाईंचे कान टवकारले.

"पाणी किती दिवस ठेवणार म्हणतेस?"

"वर्षभर, आज्जी. मग बदलायचं."

"वर्षभर साठलेल्या पाण्यात जीव होणार नाहीत?"

ती आज्जीशी खोटं बोलत नाही. म्हणाली, होऊ शकतात, म्हणून त्यात औषध घालतात. सासूबाई गप्प झाल्या. मला वाटलं, आता हा कॉम्प्युटर काही घरात होत नाही. मग लेकीने समजावलं, की हे पाणी नळाचं नाही, वाफ करून परत थंड केलेलं आहे, त्यात क्षार नाहीत. नळ्या काळ्या आहेत, उजेड जाणार नाही. झाकण बंद राहणार. आणि औषध पहिल्या दिवसापासून घालायचं, म्हणजे आत काही धरतच नाही. शेवाळ झाल्यावर ओतायचं नाही. सासूबाईंनी जपाची माळ दोनदा फिरवली आणि म्हणाल्या, "होऊच द्यायचं नाही हे वेगळं, आणि झाल्यावर मारायचं हे वेगळं. पहिल्या दिवशीच घाल. आणि वर्ष झालं की मला विचारून बदल." शास्त्र यावर काय म्हणतं ते जाणकारांनी सांगावं. आमच्या घरापुरता निकाल लागला.

जोडायला चार दिवस गेले. नवा रेडिएटर आधी गरम डिस्टिल्ड पाण्याने धुवायचा, हलवायचा, ओतायचा, परत भरायचा. आत डाग देताना राहिलेला कचरा असतो. पहिल्या पाण्यात खरंच काळसर कण आले, पाचवं पाणी स्वच्छ निघालं. डाळ धुतो तसंच. ग्राफिक्स कार्ड उघडणं सगळ्यात जोखमीचं. मूळचे पंखे आणि त्यांच्याखालचं धातूचं धूड काढून त्या जागी पाण्याचा ठोकळा बसवायचा. इवले इवले स्क्रू, ते काढायचे तसे क्रमाने तिने एका ताटलीत मांडून ठेवले. मग चिपवर उष्णता नेणारा लेप, फार नाही आणि कमीही नाही. तिचे हात मी त्या दिवशी नीट पाहिले. शेवयांचं पीठ मळताना याच हातांनी ताटलीबाहेर एक कण सांडलेला नाही.

सगळं जोडून झाल्यावर मला वाटलं, आता बटण दाबायचं. ती म्हणाली, "आता २४ तास नुसता पंप."

हीच या कामातली शिस्त. पाणी भरायचं ते थोडं थोडं. पंप कोरडा फिरवायचा नाही, म्हणून टाकी भरली की क्षणभर चालवायचा, पाणी खाली गेलं की बंद, परत भरायचं. पेटी पुढं-मागं कलती करून बुडबुडे बाहेर काढायचे. करंट फक्त पंपाला. प्रोसेसर, कार्ड, बाकी सगळं मेलेलं. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपरची घडी. मग एक दिवस, एक रात्र वाट बघायची. गळायचं असेल तर आताच गळू दे. वीज नसताना पडलेला थेंब पुसता येतो, वाळवता येतो. वीज असताना पडला तर सगळं जळतं.

पहाटे चारला सासूबाई सामायिकाला उठतात. जाताजाता त्या खोलीत डोकावल्या आणि मला हाक मारली. कार्डाच्या सांध्याखालची घडी एका कोपऱ्यात ओली होती, रुपयाएवढी. लेक उठली. पंप बंद केला, पाणी काढलं, सांधा उघडला. आतली रबराची रिंग आटे फिरवताना चिमटीत सापडून एका बाजूला कातरली होती. कुकरची रिंग अशी झाली की शिट्टी होत नाही, वाफ कडेने निसटते, ते प्रत्येकीने पाहिलेलं असतं. जादा रिंगा तिने आणलेल्याच होत्या. नवी बसवली, पुसलं, वाळवलं, परत भरलं.

त्या दिवशी दुपारी आर्किटेक्टचा फोन. फीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हवीच होती. हे म्हणाले, "एक सांधा होता, तो नीट झाला. सोळा तास बाकीचे कोरडेच होते ना? लाव आता." मलाही तसंच वाटत होतं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. म्हणाली, "एक सांधा उघडला की सगळं पाणी निघालं, सगळं परत भरलं. तास परत पहिल्यापासून मोजायचे." आणि आर्किटेक्टला सांगून टाकलं, दोन दिवस उशीर होईल, पैसे कापायचे तर कापा. त्यांनी कापले. दुसरे २४ तास सगळ्या घड्या कोरड्या राहिल्या. मग वीज.

आता मशीन चालू आहे की नाही हे दिवा बघून कळतं. रात्रभर काम केलं तरी प्रोसेसर सत्तरच्या आत, पाणी चाळिशीच्या. काम दुप्पट झालं असं काही नाही, ते ती स्वतःच सांगते. पण वेग मध्येच पडत नाही, आणि ती त्याच खोलीत झोपू शकते.

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. दिवाळीनंतर सांगलीकडचं एक स्थळ आलं. माणसं चांगली. चहापाणी झाल्यावर मुलाच्या आईने खोली पाहिली, पेटी पाहिली आणि हसून म्हणाल्या, "लग्नानंतर हे धूड कुठं हलवणार?" लेक सरळ म्हणाली, "हलवता येतं काकू. आधी सगळं पाणी काढायचं. भरल्या पाण्याने उचलायचं नाही, सांधे ताणतात. नवीन जागी ठेवायचं, परत भरायचं, आणि २४ तास नुसता पंप. लगेच कामाला लावायचं नाही." त्या "हो का" म्हणाल्या आणि विषय साड्यांवर गेला.

मी मात्र तिथंच राहिले. मैत्रिणींनो, यंत्राला जे कळतं ते आपण मुलींच्या बाबतीत कधी केलं? मुलगी भरल्या पाण्याने उचलायची, दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या धातूच्या घरात नेऊन बसवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नास माणसांच्या स्वयंपाकाला जुंपायची. कुठं थेंब गळाला तर म्हणायचं, मालच खराब. रिंग कुठं चिमटली, ते वाकून बघायला पहाटे चारला कोण उठतं? माझ्या लग्नात माझ्या सासूबाई उठल्या होत्या, म्हणून मी टिकले. सगळ्यांचं नशीब तसं नसतं.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, पसंती आहे म्हणाले. आमच्यात मुलीकडच्यांनी मागणी करायची पद्धत नाही. मी केली. म्हटलं, तिला एक खोली हवी, खिडकी असलेली, आणि तिथल्या पॉइंटला नीट अर्थिंग हवं. काम ती चालू ठेवणार. आणि आल्या आल्या तिच्यावर घर टाकू नका, महिना-दोन महिने तिला बघू द्या, तुम्हीही बघा. पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मुलाचे वडील म्हणाले, "घरात बोलून कळवतो."

हे म्हणाले, "अर्थिंगपर्यंत ठीक होतं, पुढचं कशाला?" सासूबाई माळ ओढत म्हणाल्या, "पुढचंच महत्त्वाचं."

अजून फोन आलेला नाही. लेक तिच्या खोलीत कुणाचं तरी घर बांधतेय. खिडकी उघडी आहे.