एक बूट काळा

इव रोबेरचा १९७२चा तो फ्रेंच सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला कॉलेजात, फिल्म सोसायटीच्या सतरंजीवर मांडी घालून. नाव लांबलचक: ‘एका पायात काळा बूट घातलेला सोनेरी केसांचा उंच माणूस’. हेरखात्याचा प्रमुख तुलूझ. त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला दुय्यम साहेब मिलाँ. मिलाँला तोंडघशी पाडायचं, म्हणून तुलूझ ऑर्ली विमानतळावरचा कुणीही एक प्रवासी हेरायला सांगतो. त्यालाच मिलाँने बडा हेर समजावं. सापडतो फ्रांस्वा पेरँ, ऑर्केस्ट्रातला व्हायोलिनवादक. मित्रांच्या चेष्टेपायी बिचाऱ्याचा एक बूट काळा, दुसरा तपकिरी.

तेव्हा आम्ही पेरँ झालेल्या पिएर रिशारच्या धडपडण्याला हसलो. नायिका मिरेय दार्क आली गळाबंद, अगदी सोवळ्या काळ्या झग्यात. ती वळली आणि पाठीला कमरेखालपर्यंत कापडच नाही! सतरंजीवर सामसूम. हेरपटात चक्क पॅनफ्लूट वाजते, हे मात्र तेव्हाच कानात राहिलं. संगीत व्लादिमिर कोस्माचं, मूळच्या रुमानियनाचं.

पुढे नोकरीत माझी एका आडगावच्या शाखेत बदली झाली. पहिल्याच दिवशी शिपायाने कपबशीतून चहा आणला, सोबत दोन क्रीमची बिस्किटं. बाकीच्यांना ग्लासातला. मी येता-जाता एका छोट्या वहीत काहीतरी टिपतो, म्हणजे हा वरून पाठवलेला माणूस, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. वहीत दुधाचा आणि इस्त्रीचा हिशेब असे. तसं मी सांगितलंही, तर शाखाधिकारी मंद हसले, “हो हो, समजलं.” बिस्किटं चार झाली! तीन महिन्यांनी खरं कळलं आणि माझाही चहा ग्लासात आला.

त्यानंतर कॅसेट आणून सिनेमा पुन्हा पाहिला. या खेपेला मला हसवलं बर्नार ब्लिएच्या मिलाँने. पेरँ काही करत नाही, म्हणूनच तो केवढा पोहोचलेला असणार! संशय घेणाऱ्याला पुरावा कधी कमी पडत नाही. (१९८५ साली हॉलिवूडने टॉम हँक्सला घेऊन हाच सिनेमा पुन्हा काढला. त्यात जीव नाही.)

परवा बायकोबरोबर पाहिला. माझं लक्ष जाँ कार्मेच्या मोरीसवर. पेरँचा जिवलग मित्र, आणि पेरँचं सूत याच्याच बायकोशी. त्याला पेरँच्या घरात प्रेतं दिसतात. खरीच असतात ती, पण पुन्हा पाहावं तर गायब. आपल्याला वेड लागलंय, असं तो स्वतःच मानू लागतो.

बायको शेंगा सोलायची थांबली. “अहो, त्याला कुणी सांगत का नाही?”