फलश्रुती नसलेली पोथी

पोथी आणि कादंबरी यांत मला एक मोठा फरक वाटतो. पोथीला फलश्रुती असते. ताहराबादच्या महिपतीबोवांनी १७६२ साली 'भक्तविजय' पूर्ण केला. त्यात संतांवर काय काय संकटे आली ते सांगितले आहे. पण ग्रंथ संपताना ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी ठेवलेले असते. मग आरती होते, प्रसाद वाटला जातो आणि माणूस हलक्या मनाने घरी जातो. आपल्या कीर्तनाचेही तसेच. अभंग लावायचा, चरण सोडवत न्यायचे, मध्ये श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यायचे, पण शेवटच्या चरणापर्यंत ते पुसले गेले पाहिजे. आळंदीला आमचे गुरुजी सांगत, श्रोत्याला रडवलेस तर रडवलेस, पण रडता रडता घरी पाठवू नकोस. पन्नास वर्षे मी ते पाळले.

कादंबरीला मात्र फलश्रुती नसते. शेवटचे पान संपते, पुठ्ठा मिटतो, आणि पुढे काय करायचे ते कोणी सांगत नाही. आरती नाही, प्रसाद नाही. आत जे ढवळले गेले ते तसेच घेऊन उठायचे आणि दूध आणायला जायचे.

पुष्कळांना वाटते, मन अस्वस्थ करणारे पुस्तक म्हणजे भयंकर प्रसंगांचे पुस्तक. मला तसे वाटत नाही. खून, मारामाऱ्या, भुते यांचे वाचले तर एक रात्र झोप लागत नाही, चौथ्या दिवशी नावही आठवत नाही. ती भीती. भीती उतरते. जे पुस्तक वर्षानुवर्षे उतरत नाही त्यात आपल्याच घरातली एखादी खोली असते, जिचे दार आपण कधी उघडलेले नसते. माझ्या बाबतीत ते पुस्तक म्हणजे दि. बा. मोकाशी यांची 'आनंदओवरी'.

मोकाशी हे काही आपल्या फडावरचे नव्हेत. जन्म उरणचा, पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय. पण १९६१ साली ते आळंदीहून पंढरीपर्यंत पायी चालले आणि त्यावर 'पालखी' हे पुस्तक लिहिले, ते १९६४ मध्ये निघाले. बघ्याच्या नजरेने चाललेला माणूस, पण बघण्यात लबाडी नाही. चिखल, फोड आलेले पाय, पालखीच्या तळावरचे सगळे त्यात आहे. त्यानंतर दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, 'आनंदओवरी' आली. माझ्या हाती ती आली तेव्हा मोकाशी जाऊन दोन-तीन वर्षे झाली होती. खारदांड्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी दिली. देताना एवढेच म्हणाले, "बुवा, बीजेच्या आधी वाचू नका." मी अर्थात बीजेच्या आधीच वाचली.

ती सगळी कान्होबांच्या तोंडून आहे. तुकोबारायांचे धाकटे बंधू. तुकोबाराय दिसेनासे झाले आहेत आणि भाऊ भावाला शोधतो आहे. शोधता शोधता त्याला सगळे आठवते. बोल्होबांचे भरलेले घर, आई कनकाई, थोरला सावजी बायको गेल्यावर घर सोडून गेला तो, मग तो दुष्काळ, त्यात रखमाबाई गेल्या, लहानगा संतू गेला, पेढी बुडाली. हे सगळे मला तोंडपाठ होते. शेकडो वेळा गादीवर उभा राहून सांगितले होते. पण मी ते नेहमी तुकोबांच्या बाजूने सांगत होतो. दुष्काळ आला तो वैराग्याचे निमित्त म्हणून. संसार मोडला तो मोडायलाच हवा होता म्हणून. मोकाशींनी फक्त एवढे केले की सांगणाऱ्याची जागा बदलली. भाऊ डोंगरावर जाऊन बसतो तेव्हा दुकान कोण उघडते? भाऊ वैकुंठाला जातो तेव्हा त्या रात्री त्या घरात दिवा कोणी लावला?

सदेह वैकुंठगमनाबद्दल माझ्या मनात वाद नाही. तुकोबाराय कसे गेले यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे, त्या बाजारात मला जायचे नाही. या पुस्तकाने मला तो प्रश्न घातलाच नाही. गेलेल्याचे काय झाले हे एक, आणि राहिलेल्यांचे काय झाले हे दुसरे. पहिल्याचे उत्तर मला लहानपणापासून ठाऊक आहे. दुसरा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. फाल्गुन वद्य द्वितीयेला जिजाबाई, म्हणजे आपल्या आवलीबाई, गरोदर होत्या. नारायण महाराज वडिलांच्या पश्चात जन्मले. ज्यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, ज्या पालखीमागे आज लाखो माणसे चालतात, त्या नारायण महाराजांनी बापाचे तोंड पाहिले नव्हते. हे वाक्यही मी कीर्तनात अनेकदा बोललो होतो. पण अंधारात उशाला पुस्तक ठेवून पडलो तेव्हा ते पहिल्यांदा ऐकले.

पंधरा दिवस मी बेचैन होतो. हरिपाठ म्हणताना मन तिकडेच. शेवटी सवयीप्रमाणे गाथा काढली. कादंबरी हे काही आपले प्रमाण नव्हे, प्रमाण संतांचेच. सरकारने १९५० मध्ये छापलेल्या गाथेची प्रत माझ्याकडे आहे, पाने पिवळी पडली आहेत. तीत तुकोबांच्या निर्याणानंतरचे कान्होबांचे अभंग पुन्हा वाचले. ते तिथे होतेच. पारायणात दर वेळी जिभेवरून गेले होते. पण आपण कीर्तनाला ते क्वचित घेतो. त्यात सांत्वन फार थोडे आहे. तिथे भाऊ देवाशी सरळ भांडतो, माझा भाऊ आणून दे म्हणून हटून बसतो. म्हणजे जे मोकाशींनी लिहिले त्याचे मूळ आपल्याच पोथीत निघाले. कादंबरीने मला पोथीतून उठवले नाही, पोथीतल्या त्या पानावर नेऊन बसवले, जिथे मी बसत नसे.

खरे तर आपल्या संप्रदायाइतके अस्वस्थ करणारे वाङ्मय कोणाकडे आहे? चोखोबारायांची गाथा शांतपणे, टाळाशिवाय, एकट्याने वाचून पाहा. मंगळवेढ्याला कूस कोसळून १३३८ मध्ये ते गेले, नामदेवरायांनी अस्थी ओळखून आणल्या आणि महाद्वारी समाधी दिली. महाद्वारी, म्हणजे दाराबाहेर. आपण तिथे माथा टेकवून आत जातो. त्यांच्या माणसांना आत जायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना तनपुरे महाराजांच्या मठात १ मेपासून १० मेपर्यंत उपाशी बसावे लागले. चोखोबांची गाथा सहाशे वर्षे आपल्याकडेच होती. आपण ती चालीवर गात होतो. चाल फार गोड असते, हा तिचा गुण आणि तिचाच धोका. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. एकाच दिंडीत जातवार वेगळ्या चुली आणि वेगळ्या पंगती पाहून त्यांना जे वाटले ते त्यांनी सरळ लिहिले. तो लेख वाचून आमच्या फडावरचे एक वयोवृद्ध टाळकरी रागावले होते. पण त्यानंतर ते पंगतीत कुठे बसतात ते मी पाहत असे. जागा बदलली होती. बोलले मात्र कधीच नाहीत.

त्यानंतरच्या बीजेपासून माझ्या कीर्तनात एक फरक पडला. दुपारी बाराला फुले उधळायची, तिकडे देहूला नांदुरकी हलली म्हणून इकडे हात जोडायचे, हे सगळे पूर्वीसारखेच. पण त्याच्या आधी थोडा वेळ मी देहूच्या घरात थांबू लागलो. कान्होबांचा एक अभंग प्रमाणाला घ्यायचा आणि उंबऱ्यावर उभे राहायचे. काहींना ते रुचले नाही. एका ठिकाणच्या मंडळींनी स्पष्ट सांगितले, बुवा, बीज हा आनंदाचा दिवस, तुम्ही सुतक कशाला आणता? पुढच्या वर्षी त्यांनी दुसरे कीर्तनकार बोलावले. तो त्यांचा अधिकार.

खारदांड्यात मात्र कोणी तक्रार केली नाही. हे गाव समुद्रावरचे. घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत असतात. गळ्यात माळ घालणारी माणसे इथे थोडी, कारण माळ घातली की मासळी सुटते आणि मासळी सुटली की हाताशी काय राहते? पण टाळ इथल्यासारखा दुसरीकडे क्वचित वाजतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत सरकारची मासेमारीबंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि आषाढी नेमकी त्यात येते. वादळाच्या दिवसांनी इथल्या माणसांना पंढरीची वाट मोकळी करून दिली आहे. माळेबद्दल मी कोणाला कधी विचारले नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीची बीज. कीर्तन संपले, प्रसाद झाला. बाजारातून रिकामी पाटी घेऊन थेट मंडपात आलेली एक बाई मागे थांबली होती. तिचे नाव, घर सांगत नाही. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी समुद्रात गेला होता आणि परत आला नव्हता. होडीच्या फळ्या मिळाल्या, माणूस मिळाला नाही. सात वर्षे कोणाची वार्ता नसेल तर तो मेला असे कायद्याने धरता येते, म्हणजे तिची तीन वर्षे अजून बाकी होती. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आले तेव्हा कोकणातल्या किती घरांत अशी वर्षे मोजणे सुरू झाले असेल.

ती म्हणाली, "बुवा, तुकोबा गेले ते ऐकलं. पण आवलीबाईंनी कुंकू ठेवलं का पुसलं?"

पन्नास वर्षांत असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मला ठाऊक असलेल्या एकाही पोथीत याचे उत्तर नाही. वैकुंठाला गेलेला नवरा हा गेलेला की असलेला? पंडिताला विचारले तर तो दोन्ही बाजूंनी वचने देईल. तिच्या कपाळावर कुंकू होते, पण लहान, अगदी टिकलीएवढे. जणू अर्धेच ठेवले होते. मी म्हणालो, "बाई, याला माझ्याजवळ प्रमाण नाही." ती म्हणाली, "मंग बरं." बरं का, ते मी विचारले नाही. वाटले, निदान आवलीबाईंनाही कोणी सांगितले नव्हते, एवढे तिला पुरले असेल.

दुसऱ्या दिवशी मी 'आनंदओवरी'ची माझी प्रत तिच्या घरी नेऊन दिली. तिला वाचता येत नव्हते. नात सातवीत होती, ती वाचून दाखवणार होती. देताना मनात शंका होतीच. जे पुस्तक मला पंधरा दिवस झोपू देईना ते हिला द्यावे का? आमच्या गुरुजींनी दिले नसते. पण मला वाटले, माझी बेचैनी या पुस्तकाने आणली, तिची तर आधीपासूनच आहे. तिला निदान सोबत होईल.

बंदीच्या दिवसांत रोज संध्याकाळी वाचन चाले. शेजारच्या दोघी-तिघीही येऊन बसत. नात अडखळत वाचे, मध्येच विचारी, ओवरी म्हणजे काय, आणि म्हातारी सांगे. मी आषाढीहून परतलो आणि सहज डोकावलो. म्हटले, कुठवर आले? ती म्हणाली, कान्होबा शोधत फिरतो ते सगळे ऐकले. आम्हीही असेच फिरलो, वर्सोव्यापासून डहाणूपर्यंत एकेका बंदरावर विचारत. मग म्हणाली, "पण पुढचं नाय वाचायचं, असं पोरीला सांगितलं. त्याला भाऊ गावला का नाय, ते मला ऐकायचं नाय."

मी म्हटले, ठीक आहे.

गळा साथ देईना म्हणून सहा वर्षांपूर्वी मी कीर्तन थांबवले. तिची सात वर्षे कधीच पूर्ण झाली, कागदही हातात आला. कुंकू अजून तेवढेच आहे. पुस्तक तिच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर, हरिपाठाच्या शेजारी ठेवलेले असते. खूण म्हणून घातलेली विजेच्या बिलाची घडी होती तिथेच आहे. मी परत मागितले नाही, दुसरी प्रत विकत घेतली. बीज आली की वाचतो.