घाट निवडताना

वळसंग हे सपाट गाव. सोलापूरहून अक्कलकोटकडे निघाले की दोन्ही बाजूंना काळी जमीन, ज्वारी-तुरीची शिवारे आणि दूरवर टेकलेले आभाळ. डोंगर म्हणून बोट दाखवावे असे काहीही नाही. माझ्या सासूबाईंचे सारे आयुष्य याच गावात गेले. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ८४ व्या वर्षी, एकदा जेवताना त्या सहज म्हणाल्या, "क्षेत्राला जाताना डोंगर खालून पुष्कळ पाहिले गं. वरून खाली बघायचं तेवढं राहिलंय."

पुतण्याने तेव्हा नुकतीच चारही चाकांना जोर पोचणारी जीप घेतली होती. अडत दुकानातून सवड मिळाली की त्याला डोंगर दिसू लागतात. त्याने रायरेश्वरची छायाचित्रे दाखवली. भोर तालुक्यातील ते विस्तीर्ण पठार, शिवरायांच्या शपथेची परंपरा आणि जुलै महिन्याची हिरवाई! घरात बेत आखायचा झाला की कागद-पेन्सिल माझ्या हाती येते, कारण बँकेच्या कर्ज विभागात मी पुष्कळ वर्षे काढली आहेत. परंतु तारण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एकाही प्रकरणावर सही न करणाऱ्या मी, केवळ छायाचित्रे पाहून तो घाट मंजूर केला.

कोर्ल्याच्या बाजूने वर जाणारा रस्ता अतिशय उभा आहे, वळणे आवळलेली. त्या दिवशी समोरून एक गाडी उतरत आली. अरुंद चढावर उतरणाऱ्याने चढणाऱ्यास वाट द्यावी असा नियम आहे; पण त्या चालकाला मागे सरकता येईना. अखेर आम्हालाच धुक्यात, दरीकडेला, वीत वीत मागे यावे लागले. क्लचच्या जळकट वासाने गाडी भरून गेली. सासूबाई जपमाळ घट्ट धरून बसल्या होत्या. वर पोचलो तर पुढे शिडी! पठारावर जायला ती चढावीच लागते, आणि त्यांना ते शक्य नव्हते. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, त्या गाडीतच बसून राहिल्या आणि काचेबाहेर पांढऱ्या धुक्याखेरीज त्यांना काहीही दिसले नाही. उतरताना खोळंबा झाला, वाटेतच दिवस मावळला. सूर्यास्तानंतर त्या अन्न घेत नाहीत. त्या रात्री त्या पाण्यावाचून, अन्नावाचून निजल्या आणि अवाक्षर बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "चढ चांगला होता. पण मला उतार बघायचा होता."

ते वाक्य मला लागले. अवघड वाटेच्या शेवटी अधिक सुंदर दृश्य असणारच, असे आम्ही गृहीत धरले होते. अधिक जोखीम म्हणजे अधिक नफा नव्हे, हे मी कर्जदारांना आयुष्यभर सांगत आले. स्वतःच्या घरी मात्र विसरले.

पुढे वाचनात एक गोष्ट आली. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या इंग्रजी गॅझेटिअरांत सह्याद्रीतील घाटांच्या नोंदी आहेत. कोणता घाट गाड्यांना योग्य, कोणता लादलेल्या बैलांना, कोणता केवळ पायी जाणाऱ्यांना, असे त्यांत सांगितले आहे. ही प्रतवारी मुळात व्यापाऱ्याच्या उपयोगाची. घाट किती देखणा, हा व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न नव्हता. आपला लादलेला बैल येथून सुखरूप उतरेल का, हा होता. म्हणजे अवघडपणा एकट्या वाटेत नसतो. तो वाट, वाहन, ऋतू आणि सोबतचा सर्वांत अशक्त जीव या चौघांच्या मेळात असतो.

मग मी एक वही केली आणि वाटांच्या चार प्रती ठरवल्या.

पहिली प्रत : पक्का, रुंद रस्ता. साधी मोटारही जाते.

दुसरी : पक्का पण अरुंद व उभा रस्ता, किंवा कोरडी, टणक कच्ची वाट. येथे गाडी उंच हवी आणि चालक घाटात मुरलेला हवा. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचे. केवळ ब्रेकवर भार टाकला तर ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात.

तिसरी : दगडधोंडे, ओढे, चाकोऱ्या. चारही चाकांचा जोर आणि सावकाश चालणारा खालचा गिअर येथे लागतो. एकट्या गाडीने जायचे नाही. दुसरी गाडी आणि ओढण्याचा पट्टा बरोबर हवाच.

चौथी : गाडी खाली ठेवून पायी जायची वाट.

यावर दोन कलमे. पाऊस असेल तर प्रत एकाने वाढते. अंधार पडला तर आणखी एकाने. याचे प्रत्यंतर वळसंगलाच मिळते. आमच्या शेताकडची गाडीवाट टेबलासारखी सपाट. उन्हाळ्यात तिच्यावरून कोणतीही मोटार जाते. जुलैत तीच काळी माती चाकांना लोण्यासारखी लपेटते आणि ट्रॅक्टरही रुततो. नुसत्या चढावरून वाट जोखणारा तेथे हमखास फसतो.

तिसरे कलम पुतण्यासाठी : वाट सोडून गवतात गाडी घालायची नाही. कासच्या पठारासारख्या ठिकाणी जांभ्या कातळावर मातीचा अगदी पातळ थर असतो. त्यावरच फुले येतात. एका चाकाखाली किती जीव जातात याचा हिशेब आपल्या घरात तरी मांडला गेलाच पाहिजे.

चौथे कलम सर्वांत महत्त्वाचे. परत फिरण्याची वेळ आणि जागा घरी बसून ठरवायची, डोंगरावर नव्हे. आपल्या दिग्व्रतात जाण्याच्या दिशांची मर्यादा आधीच घालून घेतात. वर, खाली वा आडवे ती ओलांडणे हा दोष. तसाच मर्यादा मनातल्या मनात वाढवणे आणि तिचे विस्मरण होणे हाही दोषच. घाटात बहुतेक अपघातांआधी हे शेवटचे दोन दोष घडत असावेत.

डिसेंबरात आम्ही पुन्हा निघालो. या वेळी नाणेघाटाला. जुन्नरहून घाटमाथ्यापर्यंत पक्का रस्ता आहे. माझ्या वहीत पहिली प्रत. पुतण्या थोडा हिरमुसला, जीपचा खालचा गिअर एकदाही लागला नाही. पण गाडीपासून चार पावले चालल्यावर पठार एकाएकी तुटते आणि कोकण पायाखाली उघडते.

सासूबाईंना कडेपासून अंतर राखून घडीच्या खुर्चीवर बसवले. जवळच तो प्रसिद्ध दगडी रांजण. सातवाहनकाळी व्यापारी त्यात जकात टाकत, अशी परंपरा आहे. मी खिंडीतून थोडी उतरून लेण्यात जाऊन आले. तेथे इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांचे आकडे त्यात कोरले आहेत. आयुष्य खातेवह्यांत गेलेल्या बाईला दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे पाहून काय वाटले असेल, ते वाचकांनी समजून घ्यावे.

परत आले तेव्हा सासूबाई खालीच पाहत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "खाली काय पिकतं गं?"

"भात," मी म्हटले.

"मग वर ज्वारी, खाली भात. चालायचाच की व्यापार!"

साडेतीन वाजले. ठरल्याप्रमाणे आम्ही उठलो. जुन्नरला पोचून, दिवस मावळायच्या आत त्यांचे जेवण झाले. दोन घास अधिकच गेले.

आता पुतण्या स्वतःच वही मागून नेतो. परवा त्याने तीत एक नवा रकाना आखला. वाटेच्या नावाच्याही आधी तो रकाना येतो : 'बरोबर कोण?'