पेटी, वळकटी आणि कोल्हापूर

जून-जुलै उजाडला की बेळगावच्या बसस्थानकावर एक दृश्य हमखास दिसतं. एक वडीलधारं माणूस, शेजारी एक मुलगा किंवा मुलगी, आणि दोघांच्या मध्ये सामानाचा ढीग. बादलीत कोंबलेला तांब्या, पोत्यात बांधलेलं अंथरूण, पिशवीतून डोकावणारी चपातीच्या डब्याची कडी. पोर कुठं शिकायला निघालंय हे विचारावं लागत नाही. बादली नवी कोरी असली तर पुणं, घरचीच असली तर कोल्हापूर! चेष्टा सोडा, पण कोल्हापूर आपल्याला जवळचं आहे ते नुसतं अंतरानं नव्हे, खिशानंही.

गेल्या पावसाळ्यात त्या ढिगाशेजारी मीच उभा होतो. भाचीला कोल्हापुरात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून राजारामपुरीच्या मागच्या अंगाला एका खासगी वसतिगृहात दोघींत एक खोली घेतली. दाजी वडगावात मागावर असतात. माग महिन्यातले पंधरा दिवस चालतात, उरलेले पंधरा दिवस सुताची आणि गिऱ्हाइकाची वाट बघतात. फी आणि पहिल्या दोन महिन्यांचं भाडं त्यांनी कसं उभं केलं ते मी विचारलं नाही. खोलीसाठी लागणाऱ्या सामानाचा विषय निघाला तेव्हा मात्र ते एवढंच म्हणाले, "शिकायला पाठवालोय, संसार मांडायला नव्हे."

अक्कानं भिशीचे तीन हजार रुपये माझ्या हातात ठेवले. "ह्यात बसव. आणि तू आपल्या खिशातलं घालू नको. त्यांना कळलं तर घरात वर्षभर ऐकून घ्यावं लागंल."

सामानात तीन गोष्टी घरच्या होत्या. दाजींच्या आईची पत्र्याची पेटी, जुन्या लुगड्यांची जाड वाकळ, आणि मागावरून उतरलेला, कुठल्याशा डागामुळं व्यापाऱ्यानं परत केलेला साडेतीन वाराचा तुकडा. तो कशासाठी, हे अक्काला विचारलं तर म्हणाली, "असू दे. कापड कुठंही लागतंय."

आता प्रवासाचं थोडं. आपल्याकडच्या बायकांनी एक युक्ती शोधलीय, ती ठाऊक नसेल तर सांगतो. २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही आणि त्याच वर्षापासून महाराष्ट्राच्या एसटीत त्यांना अर्धं तिकीट. त्यामुळं थेट कोल्हापूरची गाडी न धरता निपाणीपर्यंत आपली लाल गाडी धरायची, तिथं उतरून एसटी पकडायची. भाची निपाणीपर्यंत फुकट आली, पुढं महाराष्ट्राच्या हद्दीत अर्ध्या तिकिटात. मी आणि पेटी तेवढे पूर्ण पैशाचे! वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर, तवंदीचा घाट असं करत निपाणी आलं. पुढं यमगर्णीजवळ वेदगंगेचा पूल ओलांडताना भाचीनं खिडकीतून वाकून पाणी बघितलं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इथंच महामार्गावर पाणी येऊन रस्ता बंद पडला होता. "मामा, असं झालं तर मी तिकडंच अडकणार की," ती म्हणाली. अडकली तर अंगावर घ्यायला वाकळ आहे, असं मी म्हटलं. ती हसली नाही.

खोली बघून माझाही चेहरा उतरला. दहा बाय बाराची. दोन लोखंडी खाटा, भिंतीत एक उघडं कपाट, तेही अर्धं अर्धं वाटून घ्यायचं, छताच्या मधोमध एक दिवा. भिंतीला खिळा मारायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही, शेगडी-किटली चालणार नाही, अशी पाटी दारामागं. सोबतीण सांगलीकडची. ती आदल्या दिवशी वडिलांच्या गाडीतून आली होती आणि तिच्या बाजूला सगळं थाटलेलं होतं. घडीचं टेबल, साखळी ओढून बंद करायचं कापडी कपाट, पायपुसणं, उशीला जुळणारी चादर, खिडकीच्या गजांना गुंडाळलेली लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. मुलगी चांगली होती, लगेच पाणी घेऊन आली. पण आमची पेटी तिच्या त्या थाटाशेजारी ठेवताना पत्र्याचा जो आवाज झाला, त्यानं भाचीची मान खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही.

मी म्हटलं, चल, बाजारात जाऊन एका दिवसात सगळं आणू. मालकीणबाई जिन्यात भेटल्या. अक्कानं दिलेला कुंदा त्यांच्या हातात ठेवला (हे विसरू नका, पहिल्या दिवशीचा पाव किलो कुंदा पुढं वर्षभर कामाला येतो). बाईंनी सामानाची चौकशी केली आणि म्हणाल्या, "आज झोपायपुरतं घ्या. बाकीचं पंधरा दिवसांनी. ऊन कुठनं येतंय, पाऊस कुठनं येतोय, हे खोली आधी सांगू दे की!" मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

रविवार होता, म्हणून लक्ष्मीपुरीत गेलो. रविवारचा बाजार पावसातही भरला होता. भाजीवाल्यांच्या पलीकडं प्लास्टिकची भांडी, दोऱ्या, कुलपं, चटया, सगळं फूटपाथवर मांडलेलं. बादली, मग आणि एक चटई तिथंच घेतली. पेटीला कुलूप घेतलं, तेवढं मात्र चांगलं. दोघींच्या खोलीत कुलपात कसर करू नये. चोरीपेक्षा संशयानं सोबत बिघडते. मग गादी. दुकानदारानं आधी फोमची दाखवली, रंगीत, हलकी. भाचीनं दाबून बघितली आणि कापसाची मागितली. कापसाची गादी उन्हात टाकता येते, दोन-तीन वर्षांनी पिंजून पुन्हा भरून घेता येते, शिवाय तिच्यावर वाकळ घातली की थंडीतही वेगळं काही लागत नाही. साडेअकराशे रुपये गेले. पैशाची सगळ्यात मोठी खर्चाची बाब हीच, आणि माझ्या मते तीच असावी. पोर दिवसभर कुठंही बसेल, झोपणार तिच्यावरच.

महाद्वार रोडला तसलंच कापडी कपाट बघितलं, नऊशे रुपये. मी अडून बसलो. म्हटलं, घे, आईला सांगू नको. भाची म्हणाली, "मामा, आईला हिशेब द्यायचाय मला." आणि पुढं चालू लागली. चपलांच्या दुकानापाशी मात्र थोडी रेंगाळली. तिथंही काही घेतलं नाही.

परतताना रिक्षा मिळेना. दसरा चौकात गादीची वळकटी आमच्या दोघांच्या मध्ये उभी करून आम्ही आडोशाला थांबलो. समोर शाहू महाराजांचा पुतळा, आणि आजूबाजूला एकेक जुनं बोर्डिंग. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते आपण भाषणात ऐकतो, पण त्या चौकात गादी घेऊन उभं राहिलं की ते जरा वेगळं कळतं. १९०१ मध्ये महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०७ ला लिंगायत, १९०८ ला अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शिंप्यांचं, दैवज्ञांचं, सारस्वतांचं, असं पुढं वाढतच गेलं. आपल्या बाजूच्या कित्येक घरांतून आजोबा-पणजोबा "बोर्डिंगात" राहून शिकल्याच्या गोष्टी ऐकायला मिळतात. त्या मुलांचं सामान काय असणार? पेटी, वळकटी आणि तांब्या. शाळा गावात असून उपयोग नव्हता, रात्री पाठ टेकायला जागा नव्हती म्हणून शिक्षण अडत होतं, हे त्या राजानं ओळखलं.

भाचीला मी कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट सांगितली. ते कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहायला होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आले, आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. पुढं १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि गावोगावच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली. भाची ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडं खोलीच नव्हती." एवढंच. पण रिक्षा आल्यावर गादीचं एक टोक तिनं स्वतः उचललं, सकाळसारखं माझ्यावर सोपवलं नाही.

संध्याकाळी खोली लावली. गल्लीतच एक बांधकाम चालू होतं, तिथून दहा रुपयाला एक अशा आठ विटा आणल्या. खाटेच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन. खाट अर्धा फूट उंच झाली आणि पेटी खाली सहज सरकली. खोलीची जागा वाढवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. फक्त विटा आडव्या ठेवायच्या आणि वर बसून हलवून बघायचं. वीट उभी ठेवली तर खाट घसरते. छताचा दिवा पाठीमागून येत होता, पुस्तकावर स्वतःचीच सावली. म्हणून वायरचा लांब बोर्ड आणि नऊ वॉटचा एलईडी बल्ब आणला, होल्डर खाटेच्या डोक्याकडच्या दांड्याला बांधला. दोन्ही मिळून ३६० रुपये. खिळा मारायचा नाही तर नाही. खिडकीच्या गजाला आणि कपाटाच्या कडीला दोरी बांधून कपड्यांची सोय झाली. फळवाल्याकडून सफरचंदाची दोन लाकडी खोकी पन्नास-पन्नासला मिळाली. हल्ली ती कमीच मिळतात, सगळं पुठ्ठ्यात येतं. एकावर एक आडवी ठेवली की पुस्तकांचा मांड झाला. ऐंशी रुपयांचा आरसा त्यावर टेकवला.

आणि तो डागाचा तुकडा? तिच्या बाजूच्या खिडकीला पडदा नव्हता. समोरच्या गच्चीवरून सगळं दिसत होतं. सोबतिणीची दिव्यांची माळ होती, पण पडदा आणायचं तिच्याही घरी कुणाला सुचलं नव्हतं. भाचीनं सुई-दोरा काढला, वरच्या बाजूला घडी घालून टाके मारले, दोरी ओवली. गर्द जांभळ्या रंगाला पिवळा काठ. सोबतीण खाटेवरून उठून जवळ आली आणि काठाला हात लावून म्हणाली, "हा कुठनं घेतलास गं?"

भाची क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बाबांनी विणलाय."

पुढचं मला फोनवरून कळलं. दुसऱ्याच आठवड्यात पाऊस लागला आणि भाचीच्या बाजूची भिंत खालून दीड फूट ओली झाली. मी पहिल्या दिवशी हट्टानं कपाट घेऊन तिथंच उभं केलं असतं. सोबतिणीच्या कापडी कपाटात दमट हवेनं बुरशी धरली, दोन ड्रेस गेले, आणि तिचे बरे कपडे पेटीत आले. पत्रा गंजतो, पण आतलं कोरडं ठेवतो. तळाला वर्तमानपत्र, त्यावर कडुलिंबाचा वाळका पाला, हे अक्कानं सांगून ठेवलं होतंच. कोल्हापूरच्या पावसात खोली सजवायची म्हणजे निम्मं काम ओल बाहेर ठेवायचं. पंधरा दिवसांनी शेजारच्या खोलीतली एक मुलगी नोकरी लागून पुण्याला गेली, तिचं लाकडी टेबल भाचीनं सहाशेला घेतलं. नवं घेतलं असतं तर त्यात भिशीचं कंबरडंच मोडलं असतं. जॅमच्या रिकाम्या बाटलीत मालकीणबाईंनी दिलेली मनीप्लांटची फांदी खोचली, ती फुकट. सोबतिणीनंही आपल्या खाटेखाली विटा घातल्या.

दिवाळीला घरी आली तेव्हा वहीचं पान आईपुढं ठेवलं. कुलूप १३०, दोरी-हुक ५५, चटई १६०, बादली-मग २१०, असं सगळं ओळीनं. बेरीज २,९२५. वर ७५ रुपये सुटे. अक्कानं ते घेतले नाहीत, दाजींनी घेतले. वहीचं पान मात्र त्यांनी दोनदा वाचलं.

मार्गशीर्षात दाजी सुताच्या कामासाठी इचलकरंजीला गेले होते. येताना कुणाला न सांगता वाट वाकडी करून कोल्हापूरला उतरले. मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना वर सोडत नाहीत, पण वडील म्हणून मालकीणबाई दहा मिनिटांसाठी स्वतः बरोबर गेल्या. ते खाटेवर बसले नाहीत. विटा बघितल्या, बल्ब लावून बघितला, मग खिडकीपाशी जाऊन पडद्याचा काठ अंगठा आणि तर्जनीत धरला.

"उलटा लावलायस," ते म्हणाले. "सुलटी बाजू बाहेर गेलीय."

भाचीनं सांगितलं, डाग सुलट्या बाजूला आहे, म्हणून. दाजींनी डाग शोधला. मग चपला काढून खाटेवर चढले, दोरी सोडली, तुकडा दाताखाली धरून वरची घडी उसवली, डाग घडीत जाईल असा चार बोटं खाली दुमडला आणि पडदा सुलटा करून पुन्हा बांधला. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.