टाळूतली माया

दहाव्या वर्षी काही दिवस मला 'बाभळेश्वर' म्हणता येत नव्हतं, आणि जायचं तर नेमकं बाभळेश्वरलाच असायचं. राहुरीहून एसटीने नगर-मनमाड रस्त्याला लागायचं, कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडायचा, बाभळेश्वरच्या चौफुलीवर उतरायचं आणि तिथून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून लोणी गाठायचं. कंडक्टरने 'कुठं?' विचारलं की मी हौसेने तोंड उघडायचे आणि बाहेर भलतंच काहीतरी पडायचं. टाळूखाली स्टीलचा स्क्रू आणि चार जाड तारा बसवलेल्या असल्या की जिभेला मूर्धन्य वर्णांसाठी जागाच उरत नाही. ट, ठ, ड, ढ, ण, ळ सगळे बेपत्ता. 'लोणी'तला णसुद्धा गेला. आता मी आठवीच्या वर्गाला हेच वर्ण कुठून उच्चारायचे ते शिकवते, तेव्हा जीभ आपोआप तिथंच जाऊन टेकते.

तिकीट आत्या काढायची. 'दीड बाभळेश्वर' एवढंच म्हणायची आणि कनवटीचे पैसे मोजायची. परत आल्यावर आई द्यायला गेली की 'राहू दे गं वहिनी, मला लोणीला काम होतंच' असं म्हणायची. लोणीला तिचं एकदाही काम नव्हतं.

आत्या सख्खी नव्हे. भावकीतली, आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ओसरीवर पायमशीन टाकून ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवायची. तिचं माझ्यावर जे देणं आहे ते लिहायला मी बसले आहे, पण त्यासाठी आधी माझा जबडा सांगावा लागेल.

सहा वर्षांची होईपर्यंत मी अंगठा चोखायचे. आजीने कडुनिंब वाटून लावला, चिंधी बांधली. मी चिंधीसकट चोखला. शिवाय नाक कायम चोंदलेलं, रात्री तोंड उघडं. टाळू रुंद ठेवायचं काम लहान मुलाची जीभ करत असते. तोंड मिटलेलं असताना ती वर टेकते आणि आतून रेटते, गाल बाहेरून रेटतात, आणि या रेटारेटीत वरचा जबडा बेताचा रुंद वाढतो. तोंड सतत उघडं राहिलं की जीभ खाली पडते, अंगठा तिला आणखी खाली दाबतो, मग गालांना अडवणारं कुणी राहत नाही. माझी टाळू देवळाच्या गाभाऱ्यासारखी उंच आणि चिंचोळी झाली होती. उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेरून बसायच्या त्या आतून बसत. दात मिटताना खालचा जबडा सोय पाहून उजवीकडे सरकायचा आणि हनुवटीही त्याच्याबरोबर जायची.

हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आत्याच्या आलं, तेही गणवेशाच्या गळ्याचं माप घेताना. टेप मानेभोवती ठेवून ती समोरून बघत राहिली आणि आईला म्हणाली, 'वहिनी, गळ्याचा मध्य आन् हनुवटीचा मध्य एका रेषेत येईना हिचा.' आईने एका दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, सगळे पक्के दात येऊ द्या, मग बघू. ऐकायला शहाणपणाचं वाटलं. दातांची वाट बघता येते, जबड्याची बघता येत नाही, हे आम्हाला कोण सांगणार? त्यात एक वर्ष गेलं. आत्याला काही ते पटलं नाही. 'प्रवराला दाखवू' म्हणाली.

आमच्याकडे लोणीच्या इस्पितळाला प्रवराच म्हणतात. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन इथं सहकारी साखर कारखाना उभा केला, तो महाराष्ट्रातल्या अशा कारखान्यांत पहिला. 1950 साली त्याचं गळीत सुरू झालं. पुढे त्याच परिसरात शाळा, कॉलेजं, इस्पितळ आणि दातांचं कॉलेजही आलं. माझे वडील दुसऱ्या एका कारखान्यावर काट्यावर होते. हंगाम सुरू झाला की ते रात्री-बेरात्री घरी यायचे, आणि आईच्या कडेवर माझा धाकटा भाऊ होता. म्हणून 2006 च्या दिवाळीनंतर, ऐन लग्नसराईत, ब्लाऊजांचा ढीग तसाच टाकून आत्या मला घेऊन लोणीला आली.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई शिकाऊ होत्या. मराठी तोडकी, पण बोलायची तयारी दांडगी. त्यांनी आमच्यासमोर जबड्याचा साचा धरला, टाळूच्या मधोमध बोटाने रेघ ओढली आणि म्हणाल्या, वरचा जबडा एक हाड दिसतो, पण तो दोन हाडांचा असतो. मध्ये इथं शिवण असते.

आत्या पुढे सरकून बसली. शिवण हा शब्द तिच्या घरातला होता.

'म्हणजे तुम्ही ती उसवणार?'

'हो. हळूहळू.'

'मग आत माया आहे का?'

डॉक्टरीणबाईंना कळेना. त्यांना माहीत असलेली माया वेगळी. आत्याने माझ्या फ्रॉकची बाजू उलटी करून शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं दोन बोटं कापड दाखवलं. 'पोर वाढतं, म्हणून आत एवढं जास्तीचं ठेवतो. उसवलं की कापड सैल होतं. माया नसली तर उसवून उपयोग नाही, फाटतं.' डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, अगदी असंच. या वयात माया आहे. पंधराच्या पुढे शिवण घट्ट होत जाते, आणि मोठ्या माणसात ती नुसत्या स्क्रूने हलत नाही, हाडाला शस्त्रक्रिया करावी लागते. पुढे त्यांनी त्यांच्या सरांनाही बोलावून आणलं आणि माझा फ्रॉक त्यांना उलटा करून दाखवला. त्या दिवशी माझ्या तोंडापेक्षा फ्रॉकची तपासणी जास्त झाली.

ही युक्ती तशी जुनी. 1860 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन एंजेल नावाच्या दंतवैद्याने चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत स्क्रू बसवला, किल्ली तिच्याच हाती दिली आणि स्क्रू ताणलेला ठेवायला सांगितलं. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दातांत फट पडली. त्यावरून त्याने ताडलं की हाडंच अलग झाली. व्यवसायबंधूंनी विश्वास ठेवला नाही. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून पस्तीस वर्षं होती, दाखवणार कसं? या उपचाराला पुन्हा मान मिळाला तो 1961 च्या सुमारास, अमेरिकेतल्याच अँड्र्यू हास यांच्या कामामुळे. एंजेलची ती मुलगी स्वतःच्या तोंडात किल्ली कशी फिरवत असेल, याचं मला आजही नवल वाटतं.

कारण आमच्याकडे ते कुणालाच जमेना. आधी दाढांच्या फटीत निळ्या रबरी कड्या घातल्या, आठवड्याने दाढांवर स्टीलच्या पट्ट्या सिमेंटने बसवल्या आणि मधोमध तो स्क्रू. काड्यापेटीतल्या काडीएवढी एक तार म्हणजे किल्ली. ती स्क्रूच्या पुढच्या भोकात घालायची, घशाकडे ढकलायची, पुढचं भोक दिसू लागलं की थांबायचं, आणि स्क्रू उलटा न फिरवता किल्ली अलगद काढून घ्यायची. एक फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. सकाळी एक, रात्री एक, चौदा दिवस. आईने पहिल्या रात्री प्रयत्न केला. मला ओकारी आली, तिला रडू आलं, धाकटा आम्हा दोघींना बघून भोकाड पसरून बसला. वडिलांची बोटं माझ्या तोंडात मावेनात.

आत्याला हाक मारली. तिने हात साबणाने धुतले, तरी बोटांना मशीनच्या तेलाचा वास होताच. माझं डोकं मांडीवर घेतलं, विजेरी आईच्या हाती दिली, चष्मा कपाळावर सरकवला. 'आ कर गं बाई. नाकाने श्वास घे. सुईत दोरा ओवते असं समज.' आणि खरंच, सुईच्या नेढ्यात दोरा जावा तशी किल्ली गेली. नाकाच्या बुडाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये, कुणी आतून रेटावं तसं झालं. दुखलं म्हणवत नाही. मोठं काहीतरी सरकतंय असं वाटलं. किल्ली घशात जाऊ नये म्हणून तिला दोरा बांधून दिला होता, तो आत्याला पसंत पडला नाही. तिने बटणाचा जाड दोरा दुहेरी करून बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं.

तेव्हापासून सकाळी शाळेआधी आणि रात्री जेवणानंतर मी तिच्या ओसरीवर. फेरा झाला की ती मापाच्या वहीत रेघ ओढायची. त्या वहीत गावातल्या बायांची छाती, कंबर, बाही, आणि एका पानावर माझं नाव व पुढे 'टाळू'.

पाचव्या-सहाव्या दिवशी माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडली. आणखी दोन दिवसांनी तीतून भाताचं शीत आरपार जाऊ लागलं. शाळेत पोरांनी मला 'फाटक' नाव ठेवलं. आई हादरली, आता हिचं लग्न कसं होणार इथपर्यंत गेली. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं की फट पडणं ही चांगली खूण, हाडं अलग होताहेत. हिरड्यांतले तंतू दातांना पुन्हा जवळ ओढतील. आईला ते आठवेना, आत्याला आठवत होतं. 'उसवल्याबिगर सैल होतं का कधी?' म्हणाली आणि मशीनवर बसली. दोन-तीन महिन्यांत फट आपोआप मिटली.

चौदा दिवसांनी स्क्रू पक्का बंद केला, पण तो तसाच सहा महिने तोंडात राहिला. रिकाम्या झालेल्या जागेत नवं हाड भरायला तेवढा वेळ लागतो. लवकर काढलं तर जबडा पुन्हा आकसतो. हे सहा महिने अवघड गेले. आजूबाजूला ऊस, बैलगाड्यांमागून पोरं ऊस ओढून खाताहेत, वडील दिवसभर उसाचंच वजन करताहेत, आणि मला ऊस बंद. हुरडा बंद, भाजलेल्या शेंगा बंद, कडक भाकरी दुधात कुस्करून. बोरं तर बघायचीसुद्धा नाहीत. आत्याने त्या हंगामात माझ्यासमोर ऊस खाल्ला नाही. मला हे आता आठवतं, तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

वरचा जबडा रुंद झाला, उजव्या दाढा जागेवर आल्या, हनुवटी मधोमध आली. नाकाचा तळ तोच टाळूचा माथा, त्यामुळे काही मुलांना श्वासालाही मोकळं होतं. माझं घोरणं कमी झालं खरं, पण वाढत्या वयात नाकामागच्या गाठीही आपोआप लहान होतात, तेव्हा त्याचं श्रेय सगळं स्क्रूला देत नाही. डॉक्टरीणबाई शिक्षण संपवून कुठे गेल्या ते कळलं नाही.

आईने आत्याला साडी देऊ केली. घेतली नाही. मग खण नेऊन दिला, तो घेतला. आठ दिवसांनी आईच्या मापाचा ब्लाऊज शिवून परत आणून दिला. वर बाहीला माया ठेवली आहे म्हणून सांगितलं.

आता तिचे मोतीबिंदू काढून झालेत, शिवण उशीच्या अभ्र्यांपुरतं उरलं आहे. मी गेले की ती ट्रंकेतून ती वही काढते आणि आमचा जुना वाद सुरू होतो. लोडशेडिंगच्या एका रात्री विजेरी मंदावली, किल्ली मध्येच निसटली, पुढचं भोक दिसलं की नाही ते तिला कळलं नाही. सकाळी तिने आधी एक फेरा दिला आणि मग रोजचा. पहिल्याची रेघ ओढली नाही. मी म्हणते, तो रात्रीचाच अर्धा फेरा पुरा झाला. ती म्हणते, वेगळा होता, माझ्या हाताला कळतं. वहीत रेघा अठ्ठावीस आहेत, म्हणजे सात मिलिमीटर, आणि लोणीच्या कागदावरही सातच लिहिलेत. आत्याच्या हिशेबाने सव्वासात.