सोळा शिलिंगांचा चमचा

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. सध्या ही म्हण मी एका अख्ख्या देशाला लावून बघतोय आणि ती काही केल्या नीट बसत नाही.

३० जानेवारी १६४९ रोजी लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये इंग्लंडच्या राजाचा, पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. थंडीने अंग कापलं तर लोक म्हणतील घाबरला, म्हणून त्याने दोन सदरे चढवले होते. मार्चमध्ये राजेपद रद्द, मे महिन्यात प्रजासत्ताक. सुंभ जळाला. मग १६६० मध्ये त्याचा मुलगा दुसरा चार्ल्स परतला, आणि सरकारी कागदांत ते त्याच्या कारकिर्दीचं बारावं वर्ष ठरलं! मधल्या अकरा वर्षांत लोक जन्मले, लढले, कर भरत राहिले. हिशेबात ती सगळी वर्षं एका परागंदा राजपुत्राच्या नावावर जमा. हा झाला पीळ.

पण मग प्रजासत्ताकाचा सर्वेसर्वा झालेल्या क्रॉमवेलचं काय करायचं? १६५७ मध्ये संसदेने देऊ केलेला मुकुट त्याने नाकारला. आणि त्याच वर्षी जूनमध्ये, लॉर्ड प्रोटेक्टरपदाच्या सोहळ्यात, अंगावर जांभळा झगा, हाती राजदंड, बसायला वेस्टमिन्स्टर ॲबीतून मुद्दाम आणवलेली राज्याभिषेकाची खुर्ची. त्याच्या पश्चात सत्ता कोणाकडे? मुलाकडे, रिचर्डकडे. म्हणजे पीळ सुंभातला नव्हेच, वळणाऱ्यांच्या हातातला. बरं, उलट बाजूने पाहावं, तर १६८८ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सला देश सोडून पळावं लागलं आणि संसद शिरजोर झाली. मग १६६० मध्ये जळालेला सुंभ कोणाचा म्हणायचा, आणि उरलेला पीळ कोणाचा? दोन्ही बाजूंना लागू पडणाऱ्या म्हणीचा उपयोग काय!

तरी ती सोडवत नाही, याचं कारण एक चमचा.

प्रजासत्ताकाने राजचिन्हं मोडीत काढली. सोन्याची नाणी पाडली, रत्नं विकली. त्यातून बाराव्या शतकातला, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला एक चमचा वाचला. राजचिन्हांच्या १३४९ च्या यादीतसुद्धा तो जुन्या घाटाचा म्हणूनच नोंदलेला. त्याच्या वाटीत मधोमध एक उंचवटा आहे, त्यामुळे दोन खळगे पडतात. राज्याभिषेकात राजाला तेल लावताना आर्चबिशपने तेलात दोन बोटं बुडवायची, ती बहुधा त्यांतच. राजाच्या सामानसुमानाच्या खात्यातल्या क्लेमंट किनर्स्लीने तो सोळा शिलिंगांना विकत घेतला आणि राजा परत आल्यावर नव्या राज्याभिषेकासाठी आणून दिला. १६६१ चा मुकुट नवा घडवावा लागला, नाव मात्र जुनंच, सेंट एडवर्डचं. चमचा तेवढा अस्सल. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सला तेल लावलं ते त्यातूनच.

किनर्स्लीला मी निष्ठावंत ठरवायला निघतो, एकेक रात्र चमचा उशाशी घेऊन जागणारा वगैरे. पण हाच गृहस्थ मधल्या काळात क्रॉमवेलच्या वाड्यांतलं सामानही सांभाळत होता. गालिचे, पडदे, पलंग; धनी बदलले, खातं तेच. चांदी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली असेल. चांगली वस्तू भट्टीत जाताना पाहवली नसेल. किंवा राजा येवो न येवो, सामान यादीबरहुकूम जागेवर हवं, एवढंच त्याला कळत असेल. यातलं शेवटचं खरं असेल तर राजनिष्ठाही गेली आणि माझी म्हणही गेली. आणि मला नेमकं तेच सगळ्यात पटतंय.