'उ' म्हणजे उजवा की उडी?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नात आली ती बॅगेत एक गुंडाळलेली चटई घेऊनच. मला वाटलं योगासनांची असेल. पण पोरीने ती लॅपटॉपला जोडली आणि तिच्यावर नाचायलाच लागली! पडद्यावर बाण खालून वर सरकतात. बाण ठरलेल्या जागी पोचला की त्याच दिशेच्या चौकोनावर पाय पडला पाहिजे. जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ साली 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' नावाने हा खेळ आणला. नातीकडे आहे तो त्याच धर्तीचा, फुकट मिळणारा 'स्टेपमॅनिया'.

तिच्या वहीत इंग्रजी अक्षरांच्या नुसत्या माळा. एल डी यू आर, एल डी आर... मास्तरकी अंगात मुरलेली, म्हटलं हे काय अवघड आहे? 'डी' म्हणजे डावा, 'यू' म्हणजे उजवा!

नात हसून हसून लोळली. "आजोबा, ती पायांची नावं नाहीत, बाणांची आहेत. लेफ्ट, डाऊन, अप, राइट. चटईवर अप म्हणजे पुढे आणि डाऊन म्हणजे मागे."

"मग पाय कोणता, ते कुठे लिहिलंय?"

"ते लिहीत नाहीत. आलटून पालटून टाकायचे."

तिने एल डी आर करून दाखवलं. डावा पाय डावीकडे, उजवा मागे. आता पाळी डाव्याची आणि बाण मात्र उजवीकडचा! मग डावा पाय उजव्याच्या पुढून पलीकडे न्यायचा. कंबर आपोआप वळते. याला म्हणे क्रॉसओव्हर म्हणतात. कागदावर त्या वळणाचा पत्ताही नाही.

हे बघून मला माझी वही आठवली. संगमनेर तालुक्यात नोकरी केली तेव्हा दर २६ जानेवारीला मुलांची लेझीम मी बसवत असे. यंदा गावच्या शाळेतल्या नव्या बाईंचा फोन आला, "सर, तुमची जुनी लेझीम लिहून द्याल का?" गुडघ्यांमुळे मला करून दाखवता येत नाही, म्हणून वही काढली. आणि मंडळी, माझीच वही मला वाचता येईना! 'डा उ बै उ'. डावा, उजवा, बैठक... आणि शेवटचा 'उ'? उजवा की उडी? दोन रात्री डोकं खाजवलं. ज्याला विचारावं तो हलगीवाला सोबती केव्हाच गेला.

शेवटी वही नातीपुढे ठेवली. मी टाळ्यांनी ठेका धरला, ती पावलं टाकू लागली. चारदा करून थांबली. "पुढच्या ओळीत तुम्ही 'उजवा पुढे' असं पूर्ण लिहिलंय. एकच पाय लागोपाठ दोनदा कसा टाकणार? ही उडीच आहे. उडीनंतर दोन्ही पाय मोकळे."

खरंच की! बैठकीतून मुलं एकदम उसळायची आणि मैदानावर धूळ उडायची, ते डोळ्यांपुढे आलं.

आता वहीच्या पहिल्या पानावर सगळ्या खुणांचे अर्थ लिहिलेत. 'उडी' मात्र सगळीकडे पूर्ण लिहिली आहे. तुमच्याही घरी अशा वह्या असतील, पाककृतींच्या, भजनांच्या. खुणा कळणारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.

असो. बाईंना वही पाठवली आहे. सोबत नातीचा व्हिडिओही!